पाठीवरचे अकरा काटे

नवा आणलेला क्लाउनफिश टाकीत जरा स्थिरावला, की मोबाइलवर त्याचा आडवा फोटो काढावा आणि मोठा करून पाठीवरचे काटे मोजावेत. पहिल्या दिवशी हे जमत नाही, कारण घाबरलेला मासा पर अंगाशी आवळून धरतो. दोन-चार दिवसांनी वळताना, दुसऱ्या माशाला दटावताना तो पाठीचा पर ताठ उभारतो, तो क्षण पकडायचा. पराच्या पुढच्या भागात टोकदार काटे असतात आणि मागच्या भागात मऊ किरण. काटे तेवढे मोजायचे, डोक्याकडून शेपटीकडे. अकरा भरले तर तो बहुधा अ‍ॅम्फिप्रिऑन ऑसेलारिस. दहा भरले तर अ‍ॅम्फिप्रिऑन पर्क्युला असण्याची शक्यता जास्त. क्वचित एखाद्या ऑसेलारिसलाही दहाच काटे असतात, म्हणून आणखी दोन खुणा पाहायच्या. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार असते, ऑसेलारिसची किनार पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, कधी अगदी नसल्यासारखी. आणि डोळा: पर्क्युलाच्या बाहुलीभोवतीचं कडं झगझगीत नारिंगी असतं, ऑसेलारिसचं राखाडी छटेचं, त्यामुळे त्याचा डोळा थोडा मोठा आणि काळपट वाटतो.

लासेपेद या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने 1802 मध्ये पर्क्युलाचं वर्णन केलं आणि क्युव्हिएने 1830 मध्ये ऑसेलारिसचं. दोघांचा समुद्र वेगळा आहे. ऑसेलारिस अंदमानपासून आग्नेय आशिया ओलांडून जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत सापडतो. पर्क्युलाचं घर पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ. पण 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटानंतर दुकानात दोघंही ‘निमो’ झाले. कोल्हापुरात तर आणखी एक घोळ होतो. इथले बहुतेक फिश टँक गोड्या पाण्याचे. त्यामुळे ‘क्लाउन’ मागितला की काही ठिकाणी क्लाउन लोच पुढे येतो. तोही नारिंगी, त्यालाही तीन पट्टे. पण ते काळे असतात, तोंडाशी मिशा असतात, आणि तो सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला मासा आहे. त्याला खाऱ्या पाण्यात सोडलं तर तो जगत नाही, आणि क्लाउनफिशला गोड्या पाण्यात ठेवलं तर तोही नाही. विकत घेण्याआधी एवढं जरी पाहिलं तरी एक जीव वाचतो.

क्लाउनफिशच्या तिसेक जाती आहेत आणि दुकानात आणखी काही भेटतात. गालावर मागे वळलेला लांब काटा आणि अंग गडद मरून असेल तर तो मरून क्लाउन. दिसायला राजबिंडा, पण त्याची मादी मोठी होते आणि लहान टाकीत इतरांना टिकू देत नाही. काळसर अंग, पिवळट शेपूट आणि रुंद पांढरे पट्टे असतील तर क्लार्की किंवा सेबी. सेबी आपल्या मन्नारच्या आखातातला. लक्षद्वीपला निग्रिपेस असतो, फिकट तपकिरी-नारिंगी अंगाचा, काळ्या पोटाचा, डोक्यामागे एकच पांढरा पट्टा. पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी लावणाऱ्याने मात्र ऑसेलारिसच घ्यावा, असं माझं मत आहे. तो शांत असतो, पूर्ण वाढला तरी आठ-दहा सेंटीमीटरच्या आसपास राहतो, आणि टाकीत जन्मलेला मिळू शकतो.

आता गंमत पट्ट्यांची. आपण माशाचे काटे मोजतो, तसा हा मासा समोरच्याचे पट्टे मोजत असावा, असं जपानमधल्या ओकिनावाच्या शास्त्रज्ञांना आढळलं. प्रयोग सरळ होता: टाकीत वाढवलेल्या ऑसेलारिसच्या पिल्लांसमोर त्यांनी वेगवेगळ्या पट्ट्यांचे मासे आणि नारिंगी रंगवलेल्या प्रतिकृती ठेवल्या. एकही पट्टा नसलेली, एक पट्ट्याची, दोन, तीन. स्वतःसारखे तीन पट्टे असलेल्यावर पिल्लं सर्वांत जास्त तुटून पडली. 2024 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कारण विचार केला तर लक्षात येतं. तीन पट्ट्यांचा पाहुणा म्हणजे आपल्याच जातीचा, म्हणजे आपल्या घरावर आणि आपल्या हुद्द्यावर हक्क सांगणारा. एका पट्ट्याच्या शेजाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं.

आणि हे पट्टे जन्मापासून नसतात. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू काही मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक असतं. आठ-बारा दिवस ते उघड्या समुद्रात तरंगतं, मग खडकाकडे परततं आणि थायरॉइडच्या संप्रेरकांनी त्याचं रूप पालटतं. आधी डोक्यामागचा आणि मधला पट्टा, नंतर शेपटीजवळचा. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटतात आणि शेपूट जिरून जाते, त्यामागेही हेच संप्रेरक आहे. 2021 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किम्बे उपसागरातल्या पर्क्युलांवर झालेल्या अभ्यासाने याच्याही पुढची गोष्ट दाखवली. तिथे हे मासे दोन जातींच्या समुद्रपुष्पांत, म्हणजे अ‍ॅनिमोनमध्ये, राहतात. त्यांतल्या एका जातीच्या अ‍ॅनिमोनमध्ये वाढणाऱ्या पिल्लांच्या अंगात थायरॉइड संप्रेरकांचं प्रमाण जास्त असतं आणि त्यांचे पट्टे लवकर उमटतात. आईबाप त्याच समुद्रातले, जात एकच. पिल्लू कोणाच्या घरी उतरलं यावर त्याच्या अंगावरचं चित्र किती वेगाने पुरं होणार ते ठरतं!

इथेच मला हा मासा इतर शोभेच्या माशांपासून वेगळा वाटतो. त्याची ओळख त्याच्या अंगात पूर्ण लिहिलेली नसते. भोवताल ती लिहीत जातो. म्हणून त्याला ओळखणं आणि त्याला सांभाळणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न घ्या: यातला नर कुठला आणि मादी कुठली? लहान क्लाउनफिशबाबत याचं खरं उत्तर ‘अजून कोणीच नाही’ असं आहे. सगळे क्लाउनफिश कोवळ्या वयात लिंग न ठरलेले असतात. एका अ‍ॅनिमोनमध्ये राहणाऱ्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तो नर, आणि त्याखालचे तीन-चार असतील तर ते वाट पाहणारे. मादी मेली की नर मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा नर होतो. फ्रिके दांपत्याने 1977 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. मागे फिरण्याची वाट मात्र नाही, एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात त्याहून नवल दिसलं: बदलाच्या या प्रवासात मेंदू आधी मादीचा होतो, वागणं मादीचं होतं, आणि जननग्रंथी कितीतरी महिने मागे रेंगाळतात.

खालच्यांनी वाट पाहायची म्हणजे कशी? पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीत पर्क्युलांची कुटुंबं मोजून 2003 मध्ये दाखवलं, की प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो. वाढायची ताकद असते, पण तो वाढत नाही. वरच्याच्या बरोबरीला आला तर भांडण होईल आणि हाकलला जाईल, आणि अ‍ॅनिमोनबाहेर हाकललेला क्लाउनफिश समुद्रात फार काळ टिकत नाही. वरची जागा रिकामी झाली की तोच मासा झपाट्याने वाढू लागतो.

म्हणून जोडी निवडताना सोपा नियम: दोन लहान मासे घ्या, त्यातला एक किंचित मोठा. दोन पूर्ण वाढलेले, सारख्या आकाराचे कधी घेऊ नका. दोन्ही माद्या निघाल्या तर एक दुसरीला मारेपर्यंत थांबणार नाही. घरी आणल्यावर काही दिवस पाठलाग होतो, पर कुरतडले जातात, आणि मग एक दिवस लहान मासा मोठ्यासमोर अंग तिरकं करून थरथरायला लागतो. नव्याने टाकी लावलेले लोक हे पाहून घाबरतात. माशाला झटका आला, असं त्यांना वाटतं. ती शरणागती आहे. ‘तू मोठी, मी लहान’ हे मान्य झालं, आता घरात शांतता नांदेल. काचेला कान लावला तर कधी टकटक आवाजही येतो. हे मासे जबडा झटक्यात मिटून दातांवर दात आपटतात, त्याचा तो आवाज. 2007 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याची यंत्रणा प्रसिद्ध झाली आहे. नव्या माशांच्या आणखी काही सवयी दचकवतात. रात्री कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात आडवं पडून झोपणं ही त्यातली पहिली. सकाळी दिवा लागल्यावर तो सरळ होऊन खायला आला तर काळजीचं काही नाही.

तिसरा मासा घ्यावा का? घरच्या शंभर-दीडशे लिटरमध्ये नको. समुद्रात हाकललेल्याला निदान पळायला जागा असते.

मासा कुठून आला हेही विचारावं. समुद्रातून पकडलेला मासा हातोहात फिरत येतो, वाटेत उपाशी राहतो, आणि रोग सोबत आणतो. टाकीत जन्मलेला मासा माणसाने दिलेलं खाणं पहिल्यापासून ओळखतो. क्लाउनफिशचं व्यापारी पातळीवरचं प्रजनन अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांनी हे तंत्र बसवलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र उभं केलं आणि त्यात क्लाउनफिश हाच मुख्य मासा आहे. ठाण्याच्या खाडीकाठी, फ्लेमिंगो पाहायला लोक जातात तिथेच हे काम चालतं, हे मला फार आवडतं. प्रवाळखडकांतून एकही मासा न उचलता निमो मिळू शकतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. टाकीत जन्मलेल्यांत कधी पट्टा अर्धवट राहिलेला किंवा वेडावाकडा असतो. तो दोष मानून नाकारू नका.

आता पिशवीकडे. मासा घरी आणून पिशवी उघडणं हे दिसायला किरकोळ काम, पण त्यात इतकं रसायनशास्त्र दडलंय की पहिल्यांदा समजलं तेव्हा मी चाटच पडलो. मासा पिशवीत श्वास घेतो तसा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठत जातो आणि पाणी आम्लधर्मी होतं. त्याच वेळी त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो, आणि ते रूप फारसं विषारी नाही. म्हणजे मुंबईहून किंवा चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेला मासा स्वतःच्याच घाणीत बसलेला असतो आणि त्याच्याच श्वासाने ती घाण निरुपद्रवी ठेवलेली असते! पण पिशवी उघडली, की सोड्याच्या बाटलीसारखा वायू निसटतो, पाण्याचा आम्लपणा उतरतो आणि तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. अशा वेळी पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला विषात बसवून ठेवणं.

तेव्हा दोन रीती लक्षात ठेवाव्यात. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेला मासा असेल तर सावकाश पाणी मिसळत नेलं तरी चालतं. लांबून आलेल्या माशासाठी मात्र विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा खारटपणा आधीच विचारून घ्यायचा आणि घरच्या वेगळ्या टाकीत तेवढाच ठेवायचा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, मग पिशवी उघडून लगेच मासा काढायचा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. बरेच दुकानदार पाणी कमी खारट ठेवतात. पुढच्या आठवडाभरात खारटपणा हळूहळू वर न्यायचा. खारटपणा खाली आलेला माशाला सोसतो, झटकन वर गेलेला सोसत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, समुद्र सह्याद्रीपलीकडे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाता येतं, आणि कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून आणावं असं अनेकांच्या मनात येतं. मी ते सुचवणार नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारटपणा पावसाळ्यात नद्यांमुळे उतरतो, त्यात सूक्ष्म जीव असतात, बंदराजवळ तेल असतं. इथे समुद्र बनवावाच लागतो. लिटरला 35 ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे. समुद्राच्या विरघळलेल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून 85 टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असतात, आणि मुख्यतः बायकार्बोनेटमुळे पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असा स्थिर राहतो. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास यायला हवं. जमलं तर रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला तरी तो चुकीचं दाखवतो.

पाणी नळाचं नको. ते पंचगंगेचं असो वा काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, नळाला येईपर्यंत त्यात क्लोरीन असतो, आणि फॉस्फेट-नायट्रेट आलं तर टाकीत शेवाळ माजतं. आरओचं पाणी वापरायचं, पण इथेही एक मेख आहे. घरचं पिण्याचं आरओ यंत्र चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राहू देतं. टीडीएस मीटर लावून पाहा, चाळीस-पन्नास दाखवलं तर ते पाणी टाकीसाठी पुरेसं शुद्ध नाही. शून्याच्या जवळ नेण्यासाठी पुढे डीआय रेझिनचा फिल्टर जोडावा लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत टाकीतून रोज पाणी उडतं आणि मीठ मात्र मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. नवशिक्यांच्या टाक्या बिघडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि टाकी तयार झाल्यावर लगेच मासा सोडायचा नाही. पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात जिवाणूंची वस्ती झालेली नसते. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे, असे दोन गट दगडांच्या छिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत अमोनियाचा थोडा स्रोत घालत राहायचा आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणायचा. दगडांबद्दल एक महत्त्वाचं: खरं प्रवाळ, मेलेलंसुद्धा, घेऊ नका. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगड जिवाणूंना तितकेच चालतात.

नवा मासा मुख्य टाकीत नव्हे, चार आठवडे तरी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचा. कारण क्लाउनफिशचा एक खास शत्रू आहे, ब्रुकलिनेला नावाचा एकपेशी जीव. अंगावर पांढुरका चिकट थर सुटतो, मासा पाण्याच्या वर येऊन धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. यावर माहितगाराच्या मार्गदर्शनाखाली फॉर्मॅलिनचं स्नान हाच भरवशाचा इलाज. मिठाच्या खड्यांसारखे सुटे पांढरे ठिपके दिसले तर तो सागरी व्हाइट स्पॉट. त्याचं वैशिष्ट्य असं की ठिपके काही दिवसांनी आपोआप नाहीसे होतात, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि तेव्हाच तो परजीवी माशावरून उतरून तळाशी कोष करून शेकडो नवे जीव तयार करत असतो. पिठीसारखी सोनेरी धूळ दिसली तर व्हेल्व्हेट, तो सगळ्यांत वेगवान. या दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं कोळंबी, गोगलगायी आणि अ‍ॅनिमोन यांना मारतं. म्हणून इलाज वेगळ्या टाकीतच.

खाण्याचं फार लांबवत नाही. आर्टेमिया, मायसिस, बारीक दाणे, आणि कोळंबी आणली तर तिचा न मीठ लावलेला बारीक कीस. थोडं थोडं, दिवसातून दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल इतकंच. पहिले दोन दिवस त्याने खाल्लं नाही तरी चालेल.

अ‍ॅनिमोनशिवाय क्लाउनफिश दुःखी राहील, अशी समजूत आहे. ती खरी नाही. टाकीत त्याला खाणारं कोणी नाही, म्हणून लपायची गरजही नाही. टाकीत जन्मलेले मासे पुष्कळदा अ‍ॅनिमोनकडे ढुंकून पाहत नाहीत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये किंवा पंपाच्या कोपऱ्यात संसार थाटतात. अ‍ॅनिमोनला मात्र प्रखर प्रकाश, मुरलेली टाकी आणि स्थिर पाणी लागतं. टाकी वर्षभर नीट चालली तरच त्याचा विचार करावा. तो पंपात ओढला गेला तर एका रात्रीत सगळं पाणी नासतं.

पण त्या दोघांचं नातं समजून घ्यायला टाकीत अ‍ॅनिमोन असण्याची गरज नाही. कथबर्ट कॉलिंगवूड या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने 1868 मध्ये चिनी समुद्रातल्या अजस्र अ‍ॅनिमोनमध्ये राहणाऱ्या माशांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून प्रश्न होता: याला डंख का बसत नाही? अ‍ॅनिमोनच्या दंशपेशींना माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातलं सियालिक आम्ल लागलं की त्या फुटतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की मोठ्या क्लाउनफिशच्या या थरात ते आम्ल अत्यल्प असतं. आणि पिल्लांमध्ये? त्यांच्यात ते असतं, आणि रूपांतराच्या वेळी, पट्टे उमटतात त्याच सुमारास, घटत जातं. कोवळं पिल्लू अ‍ॅनिमोनला शिवलं तर मरेल. पट्टे आलेलं पिल्लू त्याच स्पर्शाखाली आयुष्य काढेल. बदल्यात मासा अ‍ॅनिमोनला खाणाऱ्या माशांना हुसकावतो, त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया अ‍ॅनिमोनमधल्या सूक्ष्म शैवालाला खत होतो, आणि रात्री तो त्याच्या शुंडांमध्ये हलत राहतो त्यामुळे अ‍ॅनिमोनला ऑक्सिजन जास्त मिळतो.

कोल्हापूरच्या हवेत या माशाची खरी कसोटी तापमानाची आहे. त्याला 25 ते 27 अंश हवेत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर हवाच. एप्रिलमध्ये दुपारी तो 37-38 च्या पुढे जातो, तेव्हा पाण्यावर वारा मारणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. त्याने न भागलं तर चिलर. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा आणखी एक-पंचमांश कमी. 2023 मध्ये किम्बे उपसागरात उष्णतेची लाट आली तेव्हा शास्त्रज्ञ 134 क्लाउनफिश दर महिन्याला मोजत होते. त्यांतले तीन-चतुर्थांशांच्या आसपास मासे लांबीने चक्क लहान झाले! वजन उतरणं निराळं, इथे अख्खं शरीर आखडलं होतं. आणि जे आखडले ते जास्त जगले. हुद्द्यासाठी वाढ रोखणारा मासा तापलेल्या पाण्यापुढे झालेली वाढही परत करतो, हे वाचल्यापासून मी टाकीतल्या थर्मामीटरकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

आणि पूर. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोक्याची पातळी पाण्याने कितीतरी मागे टाकली, उपसा केंद्रं बुडाली, शहराच्या मोठ्या भागात नळाला पाणी नव्हतं, अनेक ठिकाणी वीज नव्हती, महामार्ग बंद होता. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. खाऱ्या पाण्याच्या टाकीला वीज आणि शुद्ध पाणी दोन्ही लागतं, आणि पुरात दोन्ही एकदमच जातं. जूनच्या आधी बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप, झाकणबंद कॅनमध्ये आरओचं पाणी आणि एका पाणीबदलापुरतं मीठ घरात असू द्यावं. वीज गेली की खाणं बंद करायचं. उपाशी क्लाउनफिश काही दिवस सहज काढतो, ऑक्सिजनविना काही तासही नाही. पंपही नसेल तर मग्याने पाणी उचलून वरून ओतत राहायचं, घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने.

हा मासा फार जगतो. पर्क्युलाच्या मादीचं आयुष्य तीस वर्षांपर्यंत जाऊ शकतं, असा बस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याचा अंदाज आहे. टाकीतही वीस वर्षं ओलांडलेले मासे आहेत. पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेली जोडी त्याच्या लग्नात घरी असू शकते. मुलाच्या हट्टाला हो म्हणण्याआधी आईबाबांनी हा हिशोब करावा.

सगळं जुळून आलं, तर साधारण वर्ष-दीड वर्षाने नर एखादा दगड किंवा टाकीची काच तोंडाने घासून घासून साफ करू लागतो. मग मादी त्यावर शेकडो नारिंगी अंडी ओळींनी चिकटवते. नंतरचं सगळं काम नराचं: परांनी वारा घालणं, मेलेली अंडी वेचून काढणं, काचेजवळ आलेल्या बोटावर धावून जाणं. दिवसागणिक अंडी गडद होतात, मग त्यांत चंदेरी डोळे दिसू लागतात, आणि सातव्या-आठव्या दिवशी, दिवा मालवल्यानंतर तासा-दोन तासांत ती फुटतात. पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं की पहिले दिवस त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवच खाता येतात, आणि रोटिफर आधी हिरव्या शैवालावर वाढवून ठेवावे लागतात. ती तयारी नसेल तर पहिली खेप वाढवायचा प्रयत्न करू नये, नुसतं पाहावं. जोडी एकदा सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. तेवढ्या वेळात रोटिफरची बरणी तयार होते.